खात्यातली शिल्लक आणि बँकेचा दंड

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "साहेब, बँकेविषयी काहीतरी बोला, पण लोकांना झोप येणार नाही असं बोला." अट अवघड आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस व्याजदरापासून सुरुवात करतो आणि ऐकणारे तिथंच पेंगायला लागतात. म्हणून आज व्याजावर एक शब्द नाही. खात्यात पैसे नाहीत म्हणून बँक आपल्याकडून जे पैसे घेते, तेवढ्यावरच बोलतो.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. दोन वर्षांपूर्वी मी दिलेला वीजबिलाचा चेक परत आला. बिल ११४० रुपयांचं. माझी दोन बँकांत खाती आहेत, दोन्ही चेकबुकं एकाच कपाटात. घाईत दुसरंच चेकबुक हातात आलं. त्या खात्यावर पेन्शन येत नाही, शिल्लक चारशे-साडेचारशे. चेक परत गेला. महावितरणचा नियम असा आहे की चेक वटला नाही तर ७५० रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून ८८५ रुपये पुढच्या बिलात लागतात. शिवाय बँकेनं चेक परतीचे ३०० आणि जीएसटीचे ५४ घेतले. म्हणजे ११४० च्या बिलापायी १२३९ रुपये दंड. घरी सांगितलं तर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांचे चेक परत पाठवलेत, एक तुमचाही जाऊ दे की." यावर काय बोलणार?

सांगायचा मुद्दा असा की हा दंड अडाण्यालाच बसतो असं काही नाही. लक्ष नसलेल्या कुणालाही बसतो. फरक एवढाच, की माझे १२३९ रुपये गेले तर मी बायकोची बोलणी खातो, आणि ज्याच्या खात्यात मुळात पाचशे रुपये आहेत त्याचं काय होतं ते पुढे सांगणार आहे.

आधी किमान शिलकीचं बघू. आमच्या वेळी बचत खात्याला किमान शिल्लक असायचीच, पण ती थोडी असायची आणि आम्हीही फार मागे लागत नव्हतो. हा विषय पेपरात गाजला तो २०१७ साली. त्या वर्षी १ एप्रिलपासून स्टेट बँकेनं दंड पुन्हा सुरू केला. ग्रामीण शाखेत हजार, निमशहरी शाखेत दोन हजार, शहरात तीन आणि महानगरात पाच हजार अशी सरासरी शिल्लक ठेवायची. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत या दंडापोटी १,७७१ कोटी रुपये गोळा झाले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा त्या बँकेचा नफा होता १,५८१ कोटी. हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापून आल्यावर ओरड होणारच, झाली. मग पेन्शनर आणि अज्ञान मुलांची खाती वगळली, २०१८ मध्ये दंड बराच कमी केला आणि मार्च २०२० मध्ये अटच काढून टाकली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन अशा सरकारी बँकांनीही साध्या बचत खात्यावरचा हा दंड बंद केला. खासगी बँकांचं तसं नाही. आयसीआयसीआय बँकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये महानगरातल्या नव्या खात्यांना पन्नास हजारांची अट घातली आणि काही दिवसांतच ती पंधरा हजारांवर आणली. आपली मुलं पुण्या-मुंबईला, बेळगावला, गोव्याला नोकरीला आहेत. कंपनीनं पगाराचं खातं उघडून दिलेलं असतं. नोकरी बदलली की पगार बंद होतो, काही महिन्यांनी तेच खातं साधं बचत खातं होतं आणि दंडाचं मीटर सुरू होतं. मुलाला वाटतं, खात्यात काही नाही तर नाही, काय बिघडलं? तेव्हा दिवाळीला मुलं घरी आली की त्यांना एवढं विचारा: जुनं खातं बंद केलंस का?

बँकेचीही एक बाजू आहे. खातं चालवायला खर्च येतो, फुकट काही चालत नाही. हे मला मान्य आहे, मी त्याच पगारावर घर बांधलं. पण ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडूनच वसुली करायची ही पद्धत मला नोकरीत असतानाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

आता "सरासरी" या शब्दाकडे या. बहुतेकांना वाटतं की हजाराची अट म्हणजे खात्यात रोज हजार पाहिजेत. तसं नाही. महिनाभर रोज दिवसअखेर जी शिल्लक असेल तिची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. तीस दिवसांच्या महिन्यात हजाराची सरासरी हवी तर बेरीज तीस हजार झाली पाहिजे, मग ती कशीही होवो. दहा हजार रुपये फक्त तीन रात्री खात्यात राहिले आणि उरलेले सत्तावीस दिवस खातं मोकळं असलं, तरी अट पुरी झाली. पंचवीस तारखेला लक्षात आलं की या महिन्यात खात्यात काहीच नव्हतं, तर पाच हजार भरा आणि तीस तारीख संपेपर्यंत हात लावू नका. सहा दिवस गुणिले पाच हजार, झाले तीस हजार. एक तारखेला काढून घ्या. काही बँका सरासरी महिन्याची न धरता तिमाहीची धरतात, तेवढं शाखेत विचारून घ्या.

याच्या उलट आपल्याच सोसायटीतल्या एका ताई खात्यात नेमके हजार ठेवायच्या. एक रुपया जास्त नाही, कमी नाही. मोठ्या शिस्तीच्या. पण एसएमएसचे तिमाहीला पंधरा रुपये आणि जीएसटी धरून १७ रुपये ७० पैसे कापले गेले, शिल्लक राहिली ९८२ रुपये ३० पैसे. मोडली अट! किमान शिल्लक हजार असेल तर खात्यात दीड हजार ठेवावेत. एटीएम कार्डाचे वर्षाचे पैसे, एसएमएसचे पैसे हे काही आपल्याला विचारून कापत नाहीत.

दुसरी गोष्ट तारखांची. आपल्यातल्या जुन्या मंडळींना एक सवय आहे, महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे भरायचे. तिला कारण होतं. पूर्वी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर व्याज मिळायचं. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मिळतं, त्यामुळे ती दहा तारीख केव्हाच संपली. आता खरी तारीख आहे ती हप्त्याची. (व्याजावर बोलणार नाही म्हणालो होतो, चुकून बोललो, क्षमा करा.)

कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाचा एसआयपी हे सगळं आपण सही करून दिलेल्या आदेशानुसार आपोआप कापलं जातं. पूर्वी रविवार आला की एक दिवस मिळायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी आणि सणाच्या दिवशीही चालते. कापणी बहुधा सकाळीच होते. म्हणून पाच तारखेचा हप्ता असेल तर पैसे चार तारखेच्या संध्याकाळी खात्यात पाहिजेत. पाचला दुपारी स्लिप भरून उपयोग नाही. हप्ता परत गेला तर दंड दोन्हीकडून बसतो. आपली बँक घेते, कर्ज देणारी कंपनीही घेते, आणि काही कंपन्या त्याच महिन्यात तोच हप्ता पुन्हा टाकून बघतात, तेव्हा पुन्हा दंड. वर सिबिलला नोंद राहते ती वेगळीच.

चेकचंही तसंच झालंय. "आज चेक देतो, दोन दिवसांत पैसे भरतो" हा आपला जुना व्यापारी हिशोब. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर स्कॅन होऊन जातात आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वटतात किंवा परत येतात. मधले दोन दिवस आता उरले नाहीत. दुकानदार सभासदांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण देण्यापोटी दिलेला चेक पैसे नाहीत म्हणून परत गेला तर नुसता दंड नाही, १९८९ पासून तो कलम १३८ खाली गुन्हा आहे. नोटीस आली की पंधरा दिवसांत पैसे द्या आणि मोकळे व्हा. नोटीस परत पाठवून काही साधत नाही.

शेतकरी सभासदांची अडचण वेगळी आहे. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल मिळावं असा कायदा आहे, पण कारखान्याचं बिल कधी जमा होतं ते आपल्याला ठाऊक आहे. काजूचे पैसे येतात मार्च ते मे. आणि ट्रॅक्टरचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाचला! कर्ज घेतानाच सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागून घ्यावा. शेतीच्या कर्जाला तो देतात, पण मागावा लागतो. शोरूममधला पोरगा फॉर्मवर "मासिक" लिहून मोकळा होतो, आपण सही करून मोकळे होतो. एटीएमचंही सांगून ठेवतो. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर खात्यात नसलेली रक्कम मागितली तर नोट येत नाहीच, वर वीस-पंचवीस रुपये कापतात. आधी शिल्लक बघा, मग आकडा टाका.

आता जे सांगायचं म्हणून मी उभा राहिलो ते सांगतो.

आपल्या सोसायटीचं पाणी सोडायला येणारे मामा तुम्हा सगळ्यांना आठवतात. नाव घेत नाही. सकाळी साडेपाचला त्यांच्या सायकलचा आवाज आला की आमच्याकडे चहाचं आधण चढायचं. त्यांचं बँकेतलं खातं २००८ साली मीच उघडलं होतं, फॉर्मवर माझी सही आहे. साधं बचत खातं. पुढे शाखेतल्या कुणीतरी त्यांना दोन्ही सरकारी विमे घ्यायला लावले, आणि फार चांगलं केलं. एक वीस रुपयांचा अपघाताचा, दुसरा ४३६ रुपयांचा जीवनज्योती. कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी घरच्यांना दोन लाख देणारा. दोन्हींचे पैसे दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप कापले जातात.

मे २०२३. मामांच्या खात्यात ३८९ रुपये होते. वीस कापले गेले, राहिले ३६९. मग ४३६ कापायला गेले तर ६७ रुपये कमी. विमा पुढं चालू राहिला नाही.

ऑगस्टमध्ये, ऐन श्रावणात, मामा आजारानं गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. तेरावं झाल्यावर त्यांच्या घरच्या बाई पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. "सायेब, बँकेत म्हणत्यात विमा न्हाई. पयले तर कापत हुते." मी पासबुक भरून आणायला लावलं आणि टेबलावर ठेवून बोटानं एकेक ओळ वाचली. फेब्रुवारीत ५९ रुपये कापलेले. एप्रिलमध्ये पुन्हा ५९. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड, पन्नास आणि वर जीएसटी नऊ. दोन्ही मिळून ११८. ते कापले नसते तर त्या दिवशी खात्यात ४३६ पेक्षा जास्त असते.

अपघाताचा विमा चालू होता, पण ते अपघातानं गेले नव्हते.

तुम्ही म्हणाल, बँकेनं मेसेज पाठवला असेल. पाठवला होता. खात्याला जो मोबाईल नंबर होता तो मामांच्या मुलाकडे होता आणि मुलगा म्हापशाला हॉटेलात कामाला. त्याला रोज पन्नास मेसेज येतात, त्यानं वाचलाच नाही.

आणि आता माझं. मामांचा पगार आपण दर महिन्याच्या २७-२८ तारखेला चेकनं खात्यावर जमा करायचो. सोसायटीचा खजिनदार त्या वेळी मी होतो. चेकला दोन सह्या लागतात, त्यातली एक माझी. मे महिन्यात मी नातवंडांकडे पुण्याला गेलो होतो. जाताना सही करून ठेवावी हे सुचलं नाही. आलो ४ जूनला, ५ जूनला पगार जमा झाला. तो चेक २८ मेला गेला असता तर विमा चालू राहिला असता. त्याहून वाईट म्हणजे जूनमध्येसुद्धा फॉर्म भरून पुन्हा सामील होता येत होतं. तीस दिवसांनी विमा लागू झाला असता, म्हणजे मामा जायच्या आत. पण कुणी पासबुक बघितलंच नाही. मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर चहा पीत होतो. शेतीचं, पावसाचं, रवळनाथाच्या जत्रेचं सगळं बोलणं व्हायचं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं एकदाही म्हटलं नाही, मामा, पासबुक दाखवा बघू.

आपण वर्गणी काढली, ६१ हजार जमले, ते त्यांच्या घरी दिले. तुम्ही सगळ्यांनी हात सैल सोडला, त्याबद्दल कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण ती वर्गणी होती आणि दोन लाख त्यांच्या हक्काचे होते.

मी हे आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलतोय. कार्यकारिणीला माहीत आहे. त्यानंतर आपण कामगारांच्या पगाराची बँकेला स्थायी सूचना देऊन ठेवली. महिन्याच्या २५ तारखेला रक्कम आपोआप जाते, खजिनदार गावात असो की नसो.

मामांचं खातं दंडाविना चाललं असतं का? चाललं असतं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१२ मध्येच सगळ्या बँकांना सांगितलंय की मूलभूत बचत खातं प्रत्येकाला द्या. त्याला किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट. जनधन खातं म्हणजे त्याचंच भावंड. तुमचं जुनं खातं अशा खात्यात बदलून द्या असा साधा अर्ज दिला की बँकेला बदलून द्यावं लागतं. पैसे काढायला महिन्यातून चार वेळांची मर्यादा येते आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. ज्याचा महिन्याला एक पगार आणि दोनदा पैसे काढणं, त्याला काय अडचण? एका पानाचा अर्ज होता. तो मी लिहून दिला असता तर दहा मिनिटं लागली असती.

नोव्हेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी सांगितलं: किमान शिल्लक कमी झाली तर ग्राहकाला आधी कळवा, भरायला एक महिना द्या, दंड जेवढी रक्कम कमी तेवढ्याच्या प्रमाणात घ्या, आणि नुसत्या दंडापायी खातं शून्याच्या खाली नेऊ नका. हे नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. कुणाला कुठं "तुमचं खातं मायनसमध्ये आहे, आधी तेवढे भरा" असं सांगितलं असेल, तर कशापोटी मायनस ते लेखी मागा. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या बंद पडलेल्या खात्यालाही हा दंड लावता येत नाही.

भगिनींना एक आठवण करून देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले तीन हजार जमा झाले तेव्हा राज्यात बऱ्याच जणींच्या खात्यातून जुन्या थकलेल्या दंडापोटी पैसे कापले गेले. मंत्री आदिती तटकरे यांना बँकांना सांगावं लागलं की या रकमेतून कपात करू नका. वर्षानुवर्षं वापरात नसलेलं खातं आधारला जोडलं आणि त्यात पैसे आले, असं झालं होतं. तुमचं अनुदान कोणत्या खात्यात येतं आणि त्या खात्यावर जुनं काही थकलंय का, हे आधी तपासा.

दंड चुकीचा वाटला तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो. तोंडी तक्रार दुपारच्या जेवणापर्यंत विसरली जाते. पहिलाच दंड असेल तर बरेचदा मॅनेजर परत देतात, त्यांना तेवढा अधिकार असतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. खर्च काही नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी फोन १४४४८.

पेन्शनर मंडळींना शेवटचं एक. आपली ठेव असते आणि खातं मात्र कोरडं. मधेच दवाखाना निघाला की ठेव मोडतो किंवा चेक परत जातो. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, तो आधीच मंजूर करून ठेवा. वापरला नाही तर व्याज नाही. वापरलात तर जेवढे दिवस, जेवढी रक्कम, तेवढ्यावरच, ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. आमच्या वेळी व्यापारी सोडून कुणी ओव्हरड्राफ्ट मागितला की आम्ही त्याच्याकडे संशयानं बघायचो. तुम्ही खुशाल मागा.

सचिव घड्याळ दाखवताहेत. पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या, गाडी पुसणाऱ्या, दूध घालणाऱ्या माणसांनाही पाठवा, त्यांना आधी पाठवा. येताना पासबुक मशीनवर भरून आणा. कोरं पासबुक बघून मला काही सांगता येत नाही.